प्रेरणा ठेवा बाजूला, बिल कधी देताय ते सांगा

कुठल्याही चित्रकाराची मुलाखत काढा. दिवाळी अंकातली असो, रविवारच्या पुरवणीतली असो नाहीतर यूट्यूबवरची. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तो प्रश्न येतोच येतो. "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" विचारणारा जरा पुढे झुकतो, आवाज मऊ करतो. समोरचा बिचारा चित्रकार मग पावसाबद्दल, आजीच्या गोधडीबद्दल, कोकणातल्या सुट्ट्यांबद्दल काहीतरी सांगतो. सगळे खूश.

मी गेली चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. मला आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही, की बाबा रे, पेमेंट गेटवे जोडायची प्रेरणा तुला कुठून मिळते? आमच्या सोसायटीच्या प्लंबरलाही कोणी विचारत नाही. आम्हाला दोनच प्रश्न असतात: किती दिवस लागतील, आणि किती पैसे होतील. तिसरा, थोड्या वरच्या पट्टीतला: झालं का?

आता तुम्ही म्हणाल, यात चिडण्यासारखं काय आहे? कलाकाराबद्दल आदर आहे म्हणून विचारतात लोक. मला नाही पटत. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. एकदा का एखाद्याचं काम 'प्रेरणेतून' येतं असं ठरवलं, की त्याचे तास मोजायची गरज उरत नाही. जे आपोआप सुचतं त्याचे पैसे कसले मागायचे? पारिजातकाचं झाड कधी बिल पाठवतं का? आदराच्या नावाखाली आपण एका व्यावसायिकाला झाड करून टाकतो आणि खाली ओंजळ धरून उभे राहतो. आणि 'आपण' म्हणजे कोण? दुसरं कोणी नाही मंडळी, तुम्ही-आम्हीच. आयटीवाले, स्टार्टअपवाले, मार्केटिंगवाले. महिन्याच्या शेवटी ज्यांच्या खात्यात पगार न मागता जमा होतो ते सगळे.

मी या विषयावर एवढा का बोलतोय त्याचं कारण सांगतो. माझी मावसबहीण फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आणि इलस्ट्रेटर आहे. मुलांच्या पुस्तकातली चित्रं, मुखपृष्ठं, पॅकेजिंग, लोगो, असं सगळं करते. तिचा हिशेब महिन्यातून एका रविवारी मी बघतो. (मावशीचा आग्रह. "तू कम्प्युटरवाला ना, मग तूच बघ." कम्प्युटरवाला म्हटलं की प्रिंटर दुरुस्तीपासून जीएसटीपर्यंत सगळं येतं असा आमच्या घराण्यात समज आहे.) त्यामुळे या मुलीच्या 'सर्जनशील आयुष्याची' जी बाजू मुलाखतीत येत नाही, ती माझ्याकडे एक्सेल शीटमध्ये आहे.

काय आहे त्या शीटमध्ये? सकाळचा पहिला तास मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. मग कोटेशन, त्यातली निम्मी उत्तराविना वाऱ्यावर जातात. मग कालच्या चित्राचे बदल. "मुलगी जरा जास्त आनंदी दाखवता येईल का?", मग "एवढी पण नको". मग प्रिंटरचा फोन, की फाईल आरजीबीमध्ये आलीय, सीएमवायके करून द्या. मग मार्चच्या बिलाची जुलैमध्ये आठवण, नंतर आठवणीची आठवण. आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात, बहुतेक वेळा रात्री जेवणं झाल्यावर, ती चित्र काढते. आणखी एक कप्पा आहे ज्याला ती 'रियाज' म्हणते. रोज अर्धा तास स्केचबुक. रिक्षावाले, बसस्टॉपवरच्या बायका, मंडईतली भाजीची रास. त्याचे पैसे कुणीच देत नाही. पण ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती खरं तर त्या अर्ध्या तासात तयार होते.

हे मी हवेत बोलत नाही. मिल्टन ग्लेसरचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कचा हा डिझायनर आणि इलस्ट्रेटर, १९२९ ते २०२०. त्याचं बॉब डिलनचं पोस्टर तुम्ही पाहिलेलं असणार. काळी सावली, आणि डोक्यावर रंगीबेरंगी केसांच्या लाटा. १९६७ च्या ग्रेटेस्ट हिट्स रेकॉर्डसोबत ते घडी घालून दिलं होतं. बघितलं की वाटतं, काय सुचलंय राव! पण ग्लेसरने स्वतःच सांगून ठेवलंय की हे आकाशातून पडलेलं नाही. ती बाजूने दिसणारी सावली मार्सेल द्युशाँच्या १९५७ च्या आत्मचित्रावरून आली. केसांच्या रंगांमागे इस्लामी चित्रकलेचा अभ्यास आहे. आणि खाली 'डिलन' ज्या ठोकळेबाज अक्षरात लिहिलंय, ते अक्षर त्याला मेक्सिको सिटीतल्या एका शिंप्याच्या हाताने रंगवलेल्या पाटीवरून सुचलं. म्हणजे एक फ्रेंच चित्रकार, एक पौर्वात्य परंपरा आणि एक मेक्सिकन पाटी. यातली एकही गोष्ट त्याच्याकडे चालत आली नाही, तो हिंडत गेला आणि बघत गेला.

आणि हिंडायला पैसे कोणी दिले? त्याच्या शिक्षणातला एक मोठा टप्पा म्हणजे इटलीतलं बोलोन्या. तिथे तो जॉर्जो मोरांदीकडे एचिंग शिकला. ते घडलं फुलब्राइट शिष्यवृत्तीमुळे. कोणीतरी रोख पैसे मोजले होते, म्हणून एका तरुणाला वर्षभर बघत बसता आलं. प्रेरणेला जागाभाडं लागतं, आणि ते कोणीतरी भरतंच. नाहीतर भरता न आल्यामुळे खोली रिकामी करावी लागते.

ग्लेसरचंच दुसरं काम आपल्याकडे फार प्रिय आहे. 'आय लव्ह न्यूयॉर्क', मधे लाल बदाम. १९७६ साली टॅक्सीत बसल्या बसल्या एका पाकिटावर लाल क्रेयॉनने काढलेलं. ते पाकीट आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. ही गोष्ट आपले लोक मिटक्या मारत सांगतात. "बघ, टॅक्सीत दोन मिनिटांत झालं, आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने!" अहो, शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं, ते त्याचं स्वतःचं शहर होतं, आणि त्या वेळी तो नाव झालेला, दोन दशकं स्टुडिओ चालवलेला माणूस होता. त्याने दिलेली ती भेट होती. भेट देणारा ठरवतो. घेणाऱ्याने "तुम्ही भेट द्या ना" म्हणून मागे लागायचं, याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. आणि दोन मिनिटांचं म्हणाल तर त्या दोन मिनिटांच्या मागे पंचवीस वर्षं उभी होती. आपल्याकडे प्रॉडक्शन पडल्यावर एखादा सीनियर येतो, दहा मिनिटं लॉग बघतो आणि एक ओळ बदलतो. त्याला कोणी म्हणतं का, "एकच ओळ होती, दहा मिनिटांचा पगार घे"?

आता घरच्या गोष्टीकडे येतो. मराठी माणसाला चित्रांचं प्रेम नाही असं कोण म्हणेल? दीनानाथ दलालांची (१९१६-१९७१) मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकातली चित्रं घरोघरी जपून ठेवली गेली. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रं कॅलेंडरवरून कापून चक्क देवघरात गेली. वसंत सरवट्यांनी (१९२७-२०१६) पुलंच्या पुस्तकांना चित्रं दिली, 'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं केली. प्रेम भरपूर. पण यांच्या आयुष्याकडे एकदा हिशेबनीसाच्या नजरेने बघा. सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनियर. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करून त्यांनी चित्रं काढली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. म्हणजे एकाने घर चालवायला महिन्याचा पगार ठेवला, आणि दुसरा स्वतःच मालक झाला. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण मला यात एक साधं सत्य दिसतं. केवळ बाहेरून येणाऱ्या कामावर, दर चित्रामागे मिळणाऱ्या पैशावर विसंबून राहणं ही अवघड गोष्ट आहे, आणि मोठ्या माणसांच्या पायाखालीसुद्धा दुसरी फळी होती. ज्या मुलीच्या पायाखाली ती फळी नाही, तिला आपण म्हणतो, "पॅशन असेल तर जमतंच."

हा 'पॅशन' शब्द तर मला बंदच करावासा वाटतो. लिंक्डइनवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी नाइकीच्या लोगोची गोष्ट टाकतं. तुम्हीही वाचली असेल. १९७१, पोर्टलंडमधली कॅरोलिन डेव्हिडसन नावाची विद्यार्थिनी, तासाला २ डॉलर, एकूण ३५ डॉलर, आणि जगातला सगळ्यात ओळखीचा लोगो. खाली टाळ्यांचे इमोजी. शेवटी तात्पर्य: पैशाकडे बघू नका, काम बोलतं. पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून सोन्याची अंगठी आणि शेअर दिले, हाही भाग गोष्टीत येतो, 'चांगल्याचं चांगलं होतं' म्हणून. मी ती गोष्ट उलटी वाचतो. बारा वर्षं लागली, आणि ते घडलं केवळ समोरच्याच्या चांगुलपणामुळे. त्यांनी नसते दिले तर ती काही करू शकली नसती. दुसऱ्याच्या चांगुलपणावर चालणाऱ्या व्यवस्थेत तुम्ही नोकरी कराल का? "पगार आत्ता नाही, पण बारा वर्षांनी आम्हाला वाटलं तर अंगठी देऊ." ऑफर लेटरवर सही कराल?

मला आवडणारी गोष्ट दुसरी आहे, ती मात्र कोणी पोस्ट करत नाही. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जने आपल्या नव्या नेक्स्ट कंपनीच्या लोगोसाठी पॉल रँडला गाठलं. रँड तेव्हा सत्तरीतला, आयबीएमचा लोगो करून बसलेला, शिवाय लहान मुलांच्या पुस्तकांची सुंदर चित्रंही काढलेला माणूस. जॉब्जने विचारलं, काही पर्याय दाखवाल का? रँडने सांगितलं की मी तुमचा प्रश्न सोडवून देईन आणि तुम्ही मला पैसे द्याल. वापरा नाहीतर नका वापरू. पर्याय हवे असतील तर दुसऱ्यांकडे जा. बिल: १,००,००० डॉलर. जॉब्जने दिले, आणि पुढे ही गोष्ट स्वतःच कौतुकाने सांगितली. यात प्रेरणेचा उल्लेख कुठे आहे? प्रश्न, उत्तर, पैसे. दोन व्यावसायिक माणसं एकमेकांशी बोलतात तसं.

आणि इथेच आपल्या जमातीचा ढोंगीपणा मला सहन होत नाही. सगळे सोडा, निदान आपल्याला तरी हे कळायला हवं! स्कोप, एस्टिमेट, चेंज रिक्वेस्ट, साइन-ऑफ हे शब्द आपण झोपेतसुद्धा बोलतो. क्लायंटने बटणाचा रंग बदलायला सांगितला की आपला मॅनेजर लगेच म्हणतो, "हे ओरिजिनल स्कोपमध्ये नव्हतं." तोच मॅनेजर संध्याकाळी बाजूच्या धंद्यासाठी डिझायनरला फोन लावतो. "अगं, एक छोटासा लोगो हवाय. पाच मिनिटांचं काम आहे तुझ्यासाठी." मग अकरा व्हर्जन. फाईलचं नाव फायनल, फायनल टू, फायनल खरंच. मग "पार्टनरला पहिलंच आवडलं." मग शांतता. पुढच्या महिन्यात तोच लोगो बाणेरच्या एका दुकानाच्या पाटीवर. बिल? "अरे हो, करतो जीपे." हे मी कल्पनेने लिहीत नाही, शीटमध्ये ओळ आहे. नाव लिहीत नाही, कारण असे एक-दोन नाहीत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात.

याचाच सुशिक्षित अवतार म्हणजे 'स्पर्धा'. लोगो स्पर्धा जाहीर करायची, शंभर जणांनी काम करून पाठवायचं, एकाला बक्षीस. रुपयाचं चिन्हसुद्धा असंच निवडलं. २००९ मध्ये आवाहन, ३,००० हून जास्त प्रवेशिका, जुलै २०१० मध्ये डी. उदय कुमार यांच्या चिन्हाला मंजुरी आणि अडीच लाखांचं बक्षीस. चिन्ह सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. राष्ट्रीय चिन्हासाठी खुली स्पर्धा एक वेळ समजू शकतो. पण तीच पद्धत जेव्हा चहाचा कॅफे उघडणारा वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की नव्व्याण्णव जणांनी फुकट राबावं. पाच सॉफ्टवेअर कंपन्यांना सांगून बघा, आधी पूर्ण अ‍ॅप बनवून आणा, आवडेल त्याचे पैसे देऊ. तुम्हाला रिसेप्शनवरूनच चहा पाजून परत पाठवतील.

"पण बाजारभाव नावाची गोष्ट असते ना? तिला परवडत नसेल तर नाही म्हणावं." हा आक्षेप ऑफिसातला एक मित्र नेहमी घेतो, आणि तो बिनबुडाचा नाही. ठीक, बाजारभावच काढू. वर्षाचे कामाचे दिवस साधारण २६०. सण, आजारपण, एखादी सहल धरून ३० वजा. राहिले २३०. त्यातला निम्मा वेळ कोटेशन, मेल, वसुली, रियाज आणि नवीन काम शोधण्यात जातो असं धरा. उरले ११५ दिवस, ज्यांचं बिल लावता येतं. आता समजा पुण्यात राहून तिला महिना ६०,००० हातात हवेत. आपल्याकडे यात उधळपट्टी म्हणण्यासारखं काही नाही, चार वर्षांच्या अनुभवाच्या मुलाला यापेक्षा जास्त मिळतात. वर्षाचे ७,२०,०००. सॉफ्टवेअरचं भाडं, लॅपटॉप-टॅबलेट, हेल्थ इन्शुरन्स (आपल्याला कंपनी देते, तिला कोण देणार?), कर, हे सगळं मिळून आणखी १,८०,००० धरा. झाले ९ लाख. भागिले ११५. दिवसाचे सुमारे ७,८००. चार दिवसांच्या मुखपृष्ठाचे झाले ३१ हजार. आणि समोरून काय येतं? "आमचं बजेट पाच हजार आहे, पण एक्सपोजर खूप मिळेल." आकडे तुमचे तुम्ही बदलून बघा, उत्तर पाच हजारांच्या आसपास काही येत नाही.

शिवाय बाजार म्हटलं की वेळेवर पैसे देणंही आलं. जे बिल मार्चमध्ये दिलं आणि ऑगस्टमध्ये फेडलं, ते बाजारभावात बसत नाही. ते त्या मुलीने एका कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. बँक तुम्हाला देईल का तसं?

कायदा अगदीच झोपलेला आहे असंही नाही. हे नीट वाचा, तुमच्या ओळखीच्या कुठल्याही फ्रीलान्सरला उपयोगी पडेल. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने त्याला आयकराची जोड दिली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, कंपनीला वजा करता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे. पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणाराच होतो. म्हणून लेखी हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर भागवू नये. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी 'हे माझं काम आहे' म्हणायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ मध्ये फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदाच लागू केला. ८०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार सक्तीचा, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे.

मग मावसबहीण व्याज का लावत नाही? मी विचारलं एकदा. ती म्हणाली, "दादा, एकदा व्याज लावलं की त्यांच्याकडून पुढचं काम येत नाही. आणि ते दुसऱ्या चौघांना सांगतात." कायदा आहे, पण तो वापरायला मागे पगार लागतो. म्हणून मी हा लेख तिच्यासाठी लिहीत नाहीये. तिला सगळं माहीत आहे. पैसे द्यायच्या बाजूला जे बसलेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

आता शेवटचा, आणि हल्ली सगळ्यात जोरात मारला जाणारा टोला. "एआय आहे की आता! तुमच्या बहिणीला सांग दुसरं काहीतरी बघायला." मार्च २०२५ मध्ये सगळ्यांचे डीपी एका आठवड्यात घिबली झाले होते, आठवतंय? मियाझाकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून स्टुडिओ चालवून, हाताने फ्रेम काढून काढून घडवलेली ती नजर. आपण तिच्यात बॉसचा फोटो घातला. हौस म्हणून ठीक. पण ऑफिसमध्ये लोक म्हणायला लागले, "माणूससुद्धा दुसऱ्यांचं बघूनच शिकतो, मशीनने केलं तर काय बिघडलं?"

बिघडलं असं की ग्लेसरने द्युशाँचं बघितलं आणि त्यातून वेगळं चित्र काढलं, कोणाचं बघितलं ते उघड सांगितलं, आणि त्यामुळे द्युशाँचं एकही काम गेलं नाही. इथे लाखो चित्रकारांची चित्रं न विचारता गोळा करून जे यंत्र बनलं, ते त्याच चित्रकारांच्या गिऱ्हाइकाला, त्यांच्याच वळणाचं, जवळजवळ फुकट विकलं जातंय. दोन्हीला 'प्रेरणा' हा एकच शब्द वापरायचा? आणि आपलंच बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कोपायलटवर दावा झाला, की आमचा ओपन सोर्स कोड लायसन्स आणि नाव गाळून वापरला. तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढी चर्चा! जीपीएल काय म्हणतं, एमआयटी लायसन्स काय म्हणतं, श्रेय द्यायलाच हवं, वगैरे. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, तीन चित्रकारांनी तसाच दावा चित्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर केला. आमच्या ग्रुपवर एक मेसेज: "टेक्नॉलॉजीला कोण थांबवणार?" वा! आमचा कोड म्हणजे मालमत्ता आणि तिचं चित्र म्हणजे डेटा.

मी एआयच्या विरोधात नाही. पोट त्यावरच आहे. पण ज्याच्या वर्षांवर यंत्र शिकलं त्याला विचारणं आणि पैसे देणं, यात प्रगती अडवण्यासारखं काय आहे ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

तर काय करायचं? फार नाही. काम देताना काय हवंय ते एका पानावर लिहून द्या. निम्मे पैसे आधी द्या. किती वेळा बदल सांगणार ते आधीच ठरवा आणि त्यापुढच्या प्रत्येकाचे पैसे धरा. काम मध्येच रद्द केलंत तर झालेल्या दिवसांचे द्या. चित्र कुठे, किती दिवस वापरणार ते कागदावर आणा. चित्रकाराचं नाव छापा, वाचता येईल अशा अक्षरात. बजेट कमी असेल तर लाजू नका, तसं सांगा आणि त्या पैशात जेवढं बसतं तेवढंच मागा. त्यात अपमान कोणाचाच नाही. "कन्सेप्ट आवडला तर बघू" हे वाक्य मात्र कायमचं विसरा.

यातलं एकही कलम आपल्याला नवीन नाही. आपल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या करारात ही सगळी असतात, आणि ती नसतील तर आपली कंपनी कामाला हातसुद्धा लावत नाही.

असो. बोलणं लांबलं. आज शनिवार आहे, वेळ आहे. फोन उघडा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'इनव्हॉइस' असा शोध मारा. एखाद्या डिझायनरची पीडीएफ सापडेल, खाली त्याचा किंवा तिचा एक अवघडलेला मेसेज असेल, "सर, जरा बघता का". सोमवारच्या स्टँडअपच्या आधी ते पैसे गेले पाहिजेत.